वारूच्या पानावरची बुरशी

मी एक जुनी बुरशी आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! जावा बेटावर वारसिनाबाईंच्या स्वयंपाकघरात, वारूच्या झाडाच्या लवदार पानांवर माझा मुक्काम असतो.

मी वनस्पती नाही. अंगात हिरवा कण नाही, त्यामुळे उन्हात बसून अन्न तयार करणे मला जमत नाही. पण उकडून गार केलेल्या सोयाबीनवर माझे पान चोळले आणि केळीच्या पानात पुडकी बांधली, की मी जागी होते. पाचक रस सोडून दाणे मऊ करते आणि पांढऱ्या तंतूंनी ते असे विणते, की वडी कापताना एकही सुटत नाही. माझ्या श्वसनाने पुडके उबदार लागते. वारसिनाबाईंचे टेंपे, म्हणजे हीच सोयाबीनची वडी, बाजारात सगळ्यांत आधी संपते, ते माझ्यामुळे!

एकदा मात्र माझा वंशच बुडायला आला होता. त्यांची मुलगी रांती शाळेतून ‘बुरशीमुळे अन्न नासते’ एवढेच शिकून आली आणि तिने माझ्या बीजाणूंनी काळी झालेली पाने साबणाने घासून टाकली.

“अर्धाच धडा झाला होता का गं?” आई कडाडली. “निदान पुढचा वाचायचास तरी!”

चाळणीखाली एकच पान वाचले होते. त्यावरचे सगळे बीजाणू दाण्यांवर चोळून आईने थोडी पुडकी बांधली. दोन दिवसांनी ती पांढरीशुभ्र झाली, तोच शेजारच्या पार्तिनीकाकू आल्या. त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता.

“सगळी दे गं वारसिना. व्याही खवय्ये आहेत, कमी पडलं तर माझी शोभा होईल.”

जुने गिऱ्हाईक, आईला नाही म्हणवेना. तिने सगळी पुडकी टोपलीत भरली. ती सगळी खाल्ली गेली असती, तर मी संपलेच असते. कारण माझे बीजाणू उशिरा धरतात, तंतू काळे पडू लागल्यावर.

एव्हाना पुढचा धडा वाचून काढलेल्या रांतीने टोपलीतून एक पुडके ओढून घेतले. “हे नाही, काकू. हे काळं पडू द्यायचंय.”

“मुद्दाम नासवणार? डोकं फिरलंय का पोरी?”

“नासत नाही. त्यात बीजाणू धरतात. ते नसले तर लग्नाला टेंपे कुठून आणाल?”

“घ्या! आता लग्नाची धमकी!” काकू हसल्या आणि उरलेली पुडकी घेऊन गेल्या.

आईने वारूची ताजी पाने आणली. रांतीने ती पुडक्यातल्या दाण्यांवर दाबून ठेवली. दोन दिवसांत मी त्यांच्यावर काळीभोर पसरले.

मित्रांनो, अनोळखी बुरशी दिसली तर खुशाल फेकून द्या. पण ज्या जिवामुळे तुमचे ताट भरते, त्याचा शेवटचा घास त्याच्याच पुढच्या पिढीसाठी राखून ठेवा.