चौथ्या प्रकरणाची दोन पानं

प्रबंध परत आला तेव्हा शेवटच्या पानावर लाल शाईत एवढंच होतं : 'सखोलता नाही. पुन्हा लिहा.' दोन वर्षांची मेहनत, एकशे ऐंशी पानं, आणि वर ही चार शब्दांची बोळवण.

नंदुरबारजवळच्या रनाळ्याचा भटू पाटील पुण्याला एम.ए. करत होता. विषय घरचाच घेतला होता : नंदुरबारच्या बाजारात कापसाची प्रत कशी ठरते. मार्गदर्शक बेहेरे सर. प्रत्येक प्रकरणावर सर मान डोलवायचे, "छान, पुढे चल." गेल्या हिवाळ्यात तर रनाळ्याला येऊन दोन दिवस राहिले, वांग्याच्या भरितावर ताव मारला आणि भटूचा बाप नथ्थू याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाटील, पोरगा पास झालाच समजा."

त्या शब्दावर भटूने नंदुरबारच्या नव्या कॉलेजात अर्ज टाकला. एम.ए. नाही तर जागा नाही. मुलाखत शुक्रवारी अकराला. आणि मुलाखत घ्यायला पुण्याहून कोण आलं, तर तो लाल शेरा मारणारे बेहेरे सरच!

आठ वाजताच बापलेक विश्रामगृहाच्या व्हरांड्यात हजर. सर चहा पीत बसले होते.

"सर, कुठे कमी पडलं तेवढं सांगा. दुरुस्ती चालू आहे असं कमिटीला तरी सांगता येईल."

"अरे, या गोष्टी सांगून कळत नसतात. एकूणच उंची नाही."

"पानावर सखोलता नव्हती सर, आता उंची नाही?"

नथ्थूला राहवेना. "साहेब, आमना कापूसना भाव व्यापारी पाडस, पन गाडीमा हात घालीसन मूठ काढी दावस. ओल शे, पिवळी कवडी शे, जी खोट व्हई ती सांगस तोंडवर. तुम्ही बी मूठ दावा ना."

सरांचं कपाळ आक्रसलं. त्यांनी भटूच्या हातातला प्रबंध ओढला, फराफरा पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं. "ही घ्या मूठ! चौथं प्रकरण, पहिली दोन पानं. नुसता शब्दांचा फुलोरा, आत काही नाही. झालं समाधान?"

भटू गार पडला. ती दोन पानं त्याची नव्हतीच. सरांनीच संक्रांतीला पत्रातून पाठवली होती, 'सुरुवात अशीच कर' म्हणून. त्याने ती जशीच्या तशी घातली. खाली सरांचं नाव काही लिहिलं नाही. मोठ्या माणसाचं नाव घेऊ नये, ही घरची रीत. सासऱ्याचं नाव श्रावण, म्हणून त्याची आई गजराबाई श्रावणालासुद्धा 'आषाढ नंतरना महिना' म्हणायची. त्या रीतीत वाढलेला पोरगा गुरूचं नाव तळटीपेत कसा घालणार?

त्याने खिशात जपून ठेवलेलं ते पत्र काढून पुढे धरलं. "ही पानं तुमची आहेत, सर."

सरांनी पत्र वाचलं. कान तांबडे झाले. पण आवाज थंडच. "म्हणजे दुसऱ्याचा मजकूर तू स्वतःच्या नावावर खपवलास. याला चोरी म्हणतात. मी हे कमिटीपुढे काढत नाही, तूही शेऱ्याचा विषय काढू नकोस. पुढच्या वर्षी बघू." आणि पत्राची घडी करून त्यांनी सरळ कोटाच्या खिशात टाकली.

"पत्र माझं आहे, सर."

"अक्षर कोणाचं आहे?"

नथ्थूने लेकाची बाही ओढली. "चाल भटू. साहेब माफ करी ऱ्हायना, हात जोड."

भटूने बापाकडे पाहिलं. घरी जेवलेल्या माणसाने गळा कापला, आणि बाप त्या माणसाचे आभार मानायला सांगत होता. नोकरी गेली हे त्याला तेवढ्यात कळलं. ते कळल्यावर भीतीला धरून ठेवायचं काही कारण उरलं नाही.

"हात नाही जोडणार, दादा." त्याने प्रबंधाचं शेवटचं पान उघडलं आणि चहाची बशी सारून उघड्या पेनासकट सरांपुढे ठेवलं. "लिहा, सर. 'चोरी' लिहा, कोणाच्या मजकुराची तेही लिहा आणि खाली सही करा. दोन वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही कळेल असं काही बोललात."

"तू जा इथून."

"लिहा ना. खोटं आहे का?"

सरांनी पेनाला टोपण लावलं आणि चपराशाला हाक मारली. भटूने समोरची खुर्ची ओढून घेतली आणि बसला.

"येऊ द्या त्याला. तोवर तुमचा विचार होईल."