तव्याला कसला वास आला होता?

मी तवा बोलतोय, आणि रागानं बोलतोय. हे आधीच सांगितलेलं बरं. उगाच नंतर कुणी म्हणायला नको की हा सूड उगवतोय. हो, उगवतोय.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये झाला. बोटभर जाडीची पोलादी प्लेट माझ्या मालकांनी, दादांनी, स्वतः निवडली. वेल्डरनं तीन बाजूंना कड जोडली, पुढे तेल निथळायला पन्हळ ठेवली आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "एवढा जाड कशाला? उचलायला दोन माणसं लागतील."

"जाड असला की ताप धरून ठेवतो," दादा म्हणाले. "पॅटी टाकली की गार पडणारा तवा मला नको."

दादांनी पंधरा वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी म्हणून काढली होती. मग त्यांनी चार स्टुलांचं बर्गरचं दुकान टाकलं. गल्ल्यावर त्यांची बायको, म्हणजे वहिनी, तव्यापाशी दादा आणि मध्ये मी. माझ्यावर कांदा आधी पडायचा, पातळ चिरलेला, आणि त्यावर पॅटी दाबली जायची. खाली कांदा करपेल न करपेल अशा बेतात असताना दादा उलथनं घालायचे. ती एक घटका आम्हा दोघांची होती.

आसपास तीन मोठ्या कंपन्यांची दुकानं होती. त्यांची नावं लाल छत्री, निळी खिडकी आणि तीन चुली. दर सोमवारी आमचं दुकान बंद असे. त्या दुपारी वहिनी तिन्हीकडून एकेक बर्गर आणायच्या आणि प्रत्येकाचे तीन तुकडे करायच्या. शाळेतून आलेली लेक, वहिनी आणि दादा खात बसत. लेकीला निळ्या खिडकीचा कुरकुरीत हवा. दादांना तीन चुलींचा धुरकट वास आवडे. वहिनींना मात्र लाल छत्रीचा तो गोडसर आंबट सॉस!

"नवऱ्याचं बर्गरचं दुकान, आणि बायकोला शेजाऱ्याचा सॉस आवडतो," दादा चिडवायचे.

"मग काय करू? जीभ काय दुकानाबरोबर लग्न करून आलीय?" वहिनी म्हणायच्या, आणि शेवटचा तुकडा त्याच उचलायच्या.

मला त्या भांडणाचा कधी राग आला नाही. त्यात सगळ्यांनी चाखलेलं असायचं.

मग एके दिवशी भर दुपारी जिभल्या आला. खरं नाव कुणी घेत नसे. तो वर्तमानपत्रात दर आठवड्याला खाण्यावर लिहायचा, कुठल्या कंपनीचा बर्गर सरस, कुठल्याचा पाव दमट, कुठे मीठ बेताचं. लोक त्याचं वाचून रांगा लावत. आमच्याकडे त्यानं तीन घास घेतले, हात पुसले आणि गेला. दादा दिवसभर गुणगुणत होते.

शनिवारी वहिनींनी पेपर वाचून दाखवला. "लाल छत्रीचा बर्गर पहिला. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातला शेवटचा. पॅटीला रबराची जात, आणि तव्याला जुनाट, खवट वास. हा तवा जन्मात कधी घासलेला दिसत नाही."

मला! दादा मला रोज दोनदा घासायचे. जाड मीठ, तेल, आणि मनगटाचा जोर. माझ्यात तोंड दिसायचं.

गिऱ्हाईक एकदम नाही तुटलं. आधी लोक पावाचा वास घेऊ लागले. मग एकानं पॅटी उघडून पाहिली. मग स्टुलं रिकामी राहू लागली. पण खरा घाव बसला तो दादांच्या जिभेवर. ते दर तासाला चाखायचे. "मीठ जास्त झालं का गं? कांदा कडू लागतोय का?" रोज मसाला बदलायचा. एकदा तर त्यांनी लाल छत्रीसारखा गोड सॉस घातला आणि स्वतःच तो घास थुंकून टाकला. सहा महिन्यांत दुकान मिटलं.

दादा लाल छत्रीतच कामाला लागले. तिथं यंत्राची शिट्टी वाजली की पॅटी काढायची. चाखायची परवानगी नव्हती, आणि दादांना ते बरंच वाटत होतं. मला घराच्या मागच्या गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलं. माझ्यावर गंज चढला. एक पाल माझ्या पन्हळीत राहायला आली. मी तिला काही बोललो नाही. मी एकाच माणसाचा विचार करत होतो.

वहिनीही करत होत्या. जाब विचारायला त्या एका सकाळी वर्तमानपत्राच्या कचेरीपाशी गेल्या. जिभल्या बाहेर बाकावर दुधाची पिशवी फोडून पीत बसला होता. वहिनी जवळ गेल्या आणि त्यांनी नाकाला पदर लावला. दूध नासलेलं होतं, दोन हातांवरून दर्प येत होता. जिभल्या मात्र घोटामागून घोट घेत होता.

वहिनी जाब न विचारताच घरी आल्या. "अहो," त्या दादांना म्हणाल्या, "त्या माणसाला वासच येत नाही, आणि चवही कळत नाही."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी पेपरला पत्र लिहिलं. एवढे जाणकार आहात, तर डोळ्यांवर पट्टी बांधून बर्गर ओळखाल का? पत्र छापून आलं. आता मागे हटायची सोय नव्हती. संपादकबाईंनी नगरवाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. चार बर्गर ठेवायचे होते, तीन कंपन्यांचे आणि चौथा वहिनींकडचा.

"तो चावून ओळखेल," वहिनी म्हणाल्या. "पाव किती मऊ, पॅटी किती जाड, त्यावर. तुम्ही लाल छत्रीसारखाच हुबेहूब करा. फक्त मीठ चौपट घाला."

दादा म्हणाले, "मी मुद्दाम वाईट करणार नाही. माझ्या हाताला ते जमणार नाही."

"दोन वर्षं तुम्ही आमटीतलं मीठसुद्धा मला विचारून घालताय. हे तुमच्या हाताला कसं जमलं?"

दादा उठले, गॅलरीत आले आणि त्यांनी मला घासायला घेतलं. पाल पळाली. गंज तांबडा होऊन वाहू लागला. त्या दिवशी मी असा तापलो, की वहिनी दोन पावलं मागे सरकल्या.

सभागृह भरलं होतं. मला मागच्या खोलीत ठेवलं होतं, दार सताड उघडं. जिभल्यानं पहिला घास घेतला. "निळी खिडकी." बरोबर! टाळ्या पडल्या. दुसरा. "तीन चुली." तेही बरोबर. तिसरा आमचा होता. तो सावकाश चावत राहिला, मान डोलावली. "लाल छत्री. शंकाच नको. आणि मीठ पाहा, किती बेताचं!"

संपादकबाईंनी कौतुकानं त्याच बर्गरचा तुकडा तोंडात टाकला आणि तोंड धरून बेसिनकडे धावल्या. आधी कुणीतरी हसलं. मग कुणीच हसेना.

वहिनी पुढे गेल्या. "आमच्या तव्याला वास येतो असं तुम्ही लिहिलं होतंत. सांगा, कसला वास आला होता?"

त्यानं पट्टी काढली. चेहरा पांढरा पडला होता. "कसलाच नाही," तो म्हणाला. "तापानंतर नाक गेलं, चवही गेली. चार वर्षं झाली. नोकरी जाईल म्हणून बोललो नाही. जाहिरातीवाले खूश राहतील असं लिहीत गेलो."

दादा दाराशी उभे होते. ते मागच्या खोलीत आले, माझ्या गरम कडेजवळ बसले आणि ओंजळीत तोंड लपवून रडले. दोन वर्षं त्यांनी स्वतःच्या जिभेला खोटं ठरवलं होतं, तेही जीभ नसलेल्या माणसाच्या सांगण्यावरून.

जिभल्याचं सदर बंद झालं. आमचं दुकान पुन्हा उघडलं, आता दोनच स्टुलांचं. मी पुन्हा काळा, गुळगुळीत झालोय.

आणि दर गुरुवारी जिभल्या येतो. डॉक्टरांनी त्याला सांगितलंय, खमंग वास हुंगत राहा, गेलेलं नाक कदाचित परत येईल. तो माझ्यावर वाकून कांद्याची वाफ छातीभर ओढून घेतो. दादा त्याला बर्गर देतात आणि विचारतात, "कसा झालाय?"

"मऊ आहे. गरम आहे."

"आणि चव?"

तो खाली बघतो. "कळत नाही."

"बरं," म्हणून दादा मला पुसायला लागतात.

"अहो, पुरे करा आता," परवा वहिनी म्हणाल्या. "दर वेळी काय तेच विचारायचं?"

"गिऱ्हाइकाला विचारू नको तर काय करू?" दादा म्हणाले.

वाचकहो, तुम्हाला कुणाचाही बर्गर आवडो, कुरकुरीत, धुरकट, गोड, माझी काही तक्रार नाही. फक्त न चाखता कुणाच्या हातच्याला नावं ठेवू नका. माणसं माफ करत असतील. दादांनी केलंय की नाही, ते मला त्यांच्या पुसणाऱ्या हातावरून कळत नाही. माझ्यापुरतं सांगतो, गुरुवार आला की मी जरा लवकरच तापतो.