तीस घरांची सापशिडी

मी सापशिडीचा पट आहे, पण दुकानात मिळतो तसला नव्हे. लातूरच्या एका उपचार केंद्रात वर्षाराणी मॅडमनी मला हातानं बनवलं. प्लायवूडचा तुकडा, त्यावर रंगवलेली तीसच घरं, दोन शिड्या आणि एक लठ्ठ हिरवा साप. शंभर घरांपर्यंत दम धरणं तिथल्या मुलांना जमत नाही. लोक मला खेळ म्हणतात. मी मात्र दिवसभर राबायचो. सोंगटी चिमटीत धरायला शिकवायचं, आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकवायचं, आणि जमलंच तर त्यांच्या तोंडातून एखादा शब्द काढून घ्यायचा.

स्वप्नाली रेणापूरजवळच्या एका खेड्यातून यायची. सहा वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. तिची आई तारामती दर मंगळवारी तिला एसटीनं घेऊन यायची. दुसऱ्या कशाकडे ढुंकूनही न बघणारी ही पोर माझ्या सापावर मात्र बोट ठेवून बसायची. मॅडमनी तोच शब्द धरला. चार महिने नुसतं "आप, आप". मग एका मंगळवारी स्पष्ट आलं, "साप!" तारामती तोंडाला पदर लावून रडली. खोटं कशाला सांगू, मलाही फार अभिमान वाटला.

मॅडमनी मला स्वप्नालीच्या घरी पाठवलं. म्हणाल्या, "ताई, पट तिला दिसेल पण हाताला लागणार नाही असा ठेवा. तिनं नाव घेतलं की काही न विचारता लगेच काढून द्या. बोललं की मिळतं, हे तिला कळू द्या."

घरी वेगळीच पंचाईत होती. तिथं सापाला साप म्हणत नाहीत, नाव घेतलं की येतो म्हणे. सासू बसम्मा पहिल्याच दिवशी कडाडली, "शिवशिव! ते नाव काढू नगं. लांबडं म्हणावं!"

"आत्याबाई, लेकराला एकच शबूद येतो. तेवढा ऱ्हाऊ द्या," तारामती हात जोडून म्हणाली.

"बरं, तिच्यापुरतं," म्हातारी पुटपुटली. तेव्हापासून त्या घरात लांबडं म्हणजे शेतातलं जनावर, आणि साप म्हणजे मी.

सोयाबीन घरात आलं. मधल्या खोलीत पोत्यांची थप्पी लागली आणि मला थप्पीवर भिंतीला टेकवून उभं ठेवलं. त्या दुपारी बसम्मा मठात गेली होती, स्वप्नालीचे वडील उमाशंकर आडतीवर होते. तारामती उंबऱ्याशी डाळ निवडत बसली होती. माझ्या पाठीमागे शेतातलं लांबडं येऊन बसलं. माझ्या अंगाला त्याचं अंग लागत होतं. त्याची शेपटी पोत्यांच्या फटीतून खाली लोंबत होती, ती पोरीला दिसली.

"साप!"

"हाव माय, देते." तारामती हसत उठली.

"साप! साप!" पोर आईचा पदर मागं ओढत होती.

"आज लई बोलून राहिली माझी बाय!"

तिनं टाचा उंचावल्या आणि मला उचलायला हात घातला.

मग ती पोत्यांना टेकून खाली बसली. मनगट घट्ट धरून लेकीकडं बघत राहिली. "सांगिटलं की गं तू मला," एवढंच म्हणाली. ऐकायला त्या दोघींशिवाय मीच होतो. शेजारी धावले, जीप मिळाली, पण लातूर येण्याआधीच तारामती गेली.

भेटायला आलेल्या बायका हळहळत होत्या, "पोरगी मुकी. तिला सांगता आलं असतं तर माय वाचली असती." बसम्मा कपाळ बडवून म्हणत होती, "त्या नावानंच आलं ते घरात." पोर भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. तिच्या कानांना कधीच काही झालेलं नाही.

आता मंगळवारी उमाशंकर तिला आणतात, काखेत मी असतो. परवा त्यांनी मॅडमना विचारलं, "थोडं आधी बोलती झाली असती, तर?" त्या दुपारी काय झालं ते मॅडमनाही ठाऊक नाही. त्या मला पोरीपुढं मांडतात, सापावर बोट ठेवतात, "हे काय गं?" विचारतात. पोर ओठ इतके आवळते की पांढरे पडतात.

माझं मी निभावेन, मला काही नको. पण तुम्ही हे वाचलंत, तर मंगळवारी त्या केंद्रात जा आणि तिच्या बापाला सांगा. ती मुकी नव्हती. तिनं तीनदा सांगितलं होतं.