काचेवरची उडी

कचेरीत तिला सगळे मुंगी म्हणत. हे नाव दादानं ठेवलेलं, ती चार वर्षांची असताना. एकदा धरलेली गोष्ट ही पोरगी सोडत नाही म्हणून. पुढे एकदा तिचा विसरलेला डबा घेऊन दादा कचेरीत आला, त्यानं दारातून त्याच नावानं हाक मारली, आणि तिथल्या अकरा माणसांपुरतं तिचं खरं नाव त्या दिवसापासून हजेरीच्या यादीत जाऊन बसलं.

कचेरी मोबाइलवरचे खेळ बनवायची. आजवर त्यांनी फुगे फोडायचे आणि रंगीत गोट्या जुळवायचेच खेळ केले होते. त्या वर्षी मात्र हत्तीएवढं काम दारात येऊन उभं राहिलं. टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर वीस वर्षं गाजलेल्या, पाच भाग निघालेल्या 'खाणकरी'चा पहिला भाग आता मोबाइलवर आणायचा होता. डोक्यावर दिव्याची टोपी घातलेला, भुयारातून उड्या मारत जाणारा तो बुटका खाणकरी मुंगीच्या घरातलाच होता म्हणा ना. ती आणि दादा लहानपणी त्याच्यापायी जेवणं विसरत. म्हणून उडीचं काम तिनं मागून घेतलं.

उडी हाच त्या खेळाचा जीव. बटणाला टिचकी मारली की खाणकरी पायरीएवढा उडतो, दाबून धरलं की दरी ओलांडतो, आणि हवेत असतानाही त्याला वळवता येतं. कन्सोलचा रिमोट दोन हातांत बसतो, त्याच्या बटणाला उंचवटा असतो, अंगठ्याला ते न बघता सापडतं. मोबाइलची काच सपाट. तिच्यावर बटणाचं चित्र काढता येतं, पण चित्र काही बोटाला लागत नाही. घोडं अडलं ते इथंच.

पहिल्या खेपेला त्यांनी रिमोटवरची सगळी बटणं जशीच्या तशी काचेवर काढली. दोन अंगठे ठेवले की खाणकरी त्यांच्याखाली झाकला जायचा आणि दिसायचा तो थेट दरीत पडतानाच. अकराच्या अकरा जणांनी खेळून पाहिलं, दुसरी दरी एकालाही पार करता आली नाही. मुंगीनं बटणं लहान केली, फिकट केली, कोपऱ्यात सरकवली. सात तऱ्हा झाल्या. सातही वाया गेल्या.

कचेरीच्या प्रमुखाला सगळे कप्तान म्हणत, कारण तो प्रत्येक कामाला जहाज म्हणायचा. त्याचं म्हणणं, अंथरूण पाहून पाय पसरावेत. खाणकरी आपला आपण पळेल, कडा आला की आपोआप उडेल, लोकांनी वाटेतली रत्नं तेवढी टिपावीत. जहाज एकदा बंदरातून सुटलं पाहिजे.

"मग खेळायचं कोणी?" मुंगीनं विचारलं.

कप्तान हसला, पण तारीख काही त्यानं पुढे ढकलली नाही.

त्याच आठवड्यात मूळ खेळाच्या मालकांकडून एक बाई पाहणीला आल्या. वीस वर्षांपूर्वी खाणकऱ्याची उडी त्यांनीच बांधली होती. आता केस पांढरे झालेले, चष्मा गळ्यात लोंबणारा, बोलणं मोजकं. त्यांच्या होकाराशिवाय खेळ बाहेर पडणार नव्हता. त्यांनी मुंगीची आठवी तऱ्हा जेमतेम चार मिनिटं खेळून पाहिली आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

"हा माझा खाणकरी नाही," त्या म्हणाल्या. "हा त्याचे कपडे घातलेला कोणीतरी आहे."

कप्ताननं लगेच आपोआप उडीचा विषय काढला. बाईंनी तोही ऐकून घेतला. तसं केलंत तर आमचं नाव लावू नका, एवढंच त्या म्हणाल्या. सहा आठवड्यांनी पुन्हा येणार होत्या. तोवर जमलं नाही तर काम परत घेणार होत्या. म्हणजे कप्तानची युक्तीही गेली आणि मुंगीची उडीही. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. मुंगी जिन्यात जाऊन उभी राहिली. डोळे भरून आले होते. पाच मिनिटांनी तिनं नाक पुसलं आणि जागेवर येऊन नव्या फाईलला नाव दिलं, 'उडी नऊ'.

रविवारी दुपारी ती घरी त्याच फाईलशी झटत बसली होती. शेजारी वहिनी पाच महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेऊन पाजत होती. वहिनीनं मोकळा हात पुढे केला आणि म्हणाली, बघू तरी काय एवढं आहे त्यात.

मुंगीला नवल वाटलं. खाणकरी या घरात इतकी वर्षं, पण वहिनी तो कधी खेळली नव्हती. तसं ती बोलली, तर वहिनी म्हणाली, "तुम्हा भावाबहिणींच्या हातून रिमोट सुटला असता तर खेळले असते."

मुंगीनं खेळ पहिल्यापासून लावला. तिनं फोन दिला.

वहिनीचा उजवा हात बाळाच्या डोक्याखाली अडकलेला. डाव्या हातात फोन, आणि खेळायला डावा अंगठा तेवढा. पहिल्या उडीला तो बटणावर बरोबर पडला. दुसऱ्या उडीला थोडा खाली. पाचव्या उडीपर्यंत अंगठा घसरत घसरत बटणाच्या पार बाहेर गेला होता, आणि वहिनी रिकाम्या काचेवर मन लावून दाबत होती. खाणकरी अर्थातच पडत होता. वहिनी स्वतःलाच बोल लावत होती, की मला मेलीला हे कुठलं जमायला.

मुंगी मात्र अंगठ्याकडे टक लावून बसली होती. अंगठ्याला कळायला काठच नव्हता, मग तो जागेवर राहणार कसा? आणि अंगठा बटणाकडे येत नसेल तर बटणानं अंगठ्याकडे जावं. शिवाय दोन्ही हात मोकळे असलेली माणसं जगात असतात किती? कोणाच्या हातात पिशवी, कोणाच्या हातात बसचा दांडा, कोणाच्या मांडीवर मूल.

दुसऱ्याच दिवशी तिनं काचेवरची सगळी बटणं पुसून टाकली. अंगठा जिथं टेकेल तिथंच बटण. टेकवून सरकवला की खाणकरी त्या बाजूला धावेल, उचलून पुन्हा टेकवला की उडेल, तसाच धरला की लांब उडेल. हे बसवायला दोन आठवडे गेले. वहिनीनं दुसरी दरी ओलांडली, मग तिसरी. पण चौथीपाशी ती दर वेळी निसटत होती आणि शपथेवर सांगत होती की मी वेळेवरच दाबलं.

मुंगीनं तिच्यावर विश्वास ठेवला. तिनं एका कॅमेऱ्यानं वहिनीचा अंगठा आणि पडदा दोन्ही एकत्र टिपले आणि ते एकेक चित्र थांबवून पाहिलं. पडद्यावर एका सेकंदात साठ चित्रं सरकतात. अंगठा टेकल्यावर खाणकऱ्याचे पाय सुटायला कन्सोलपेक्षा दर वेळी तीन चित्रं जास्त लागत होती. वहिनी खरं बोलत होती. काच उशिरा ऐकत होती. म्हणून मुंगीनं एक सवलत ठेवली. कड्यावरून पाय सुटल्यावर पाच चित्रांपर्यंत दाबलं, तरी उडी मान्य. तीननं भागलं नाही, पाचला वहिनीनं चौथी दरी ओलांडली. ही चौदावी तऱ्हा.

बाई ठरल्या दिवशी आल्या. या वेळी चार मिनिटांची चाळीस झाली. मग त्यांनी चष्मा चढवला, फोन जवळ घेतला आणि मुद्दाम उशिरा उडी मारली. पुन्हा मारली.

"किती चित्रं?" त्यांनी विचारलं.

"पाच."

"मी दोन ठेवली होती. वीस वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही. पाच म्हणजे कुबड्या झाल्या."

कप्तान घाईघाईनं म्हणाला की तीन करता येतील, आजच करू. इतक्या जवळ आलेलं काम एका शब्दानं हातचं जाणार होतं, आणि हो म्हणणं अगदी सोपं होतं.

"तीन नाही होणार," ती म्हणाली. "तुमची दोन आहेत तशीच आहेत, बाई. वरची तीन काचेनं खाल्ली, ती मी खेळणाऱ्याला परत दिलीत."

कप्ताननं डोळे मिटून घेतले. बाईंनी पुरावा मागितला. मुंगीनं वहिनीच्या अंगठ्याची सगळी चित्रं लावली. बाई खुर्ची ओढून बसल्या आणि स्वतः मोजू लागल्या. जेवणाची वेळ टळून गेली. दोघी खांद्याला खांदा लावून एकेक चित्र पुढे सरकवत होत्या, आणि मध्येच बाई सांगत होत्या की पहिल्या भागाच्या वेळी त्यांनाही असंच वेड्यात काढलं होतं. शेवटी त्यांनी आपल्या पिशवीतून स्वतःचा जुना फोन काढला. त्यावर मोजलं तर तीनची चार चित्रं निघाली.

"मग यावर पाच पुरणार नाहीत," बाई म्हणाल्या. "सहा लागतील. दर फोनची काच वेगळी आहे. सगळ्यांना सारखंच मोजशील तर जुन्या फोनवाल्यावर अन्याय."

मुंगीला आधी हसू आलं, मग कामाचा डोंगर दिसला. खेळानं सुरुवातीलाच फोनची काच किती उशिरा ऐकते ते ओळखावं आणि सवलत तेवढीच द्यावी, असं ठरलं. बाईंनी पाच आठवडे वाढवून दिले आणि कप्तानच्या तोंडावर सांगितलं की हिला मध्ये कोणी थांबवायचं नाही.

खेळ बाहेर पडला तो पूर्ण नव्हता. काही भुयारांत खाणकरी कुदळ फेकून वाट काढायचा, एका अंगठ्यानं ते काही केल्या जमेना, म्हणून चौदा भुयारांपैकी पाच गाळावी लागली. मुंगीला ते लागलं. जुन्या खेळाडूंपैकी काहींनी उचलली जीभ लावली टाळ्याला अशा थाटात लिहिलं, की मोबाइलवाल्यांनी खाणकऱ्याचं वाटोळं केलं. एकानं मात्र लिहिलं की तो रुग्णालयात आहे, एका हाताला सलाइन आहे, आणि आज दुसऱ्या हातानं तो सहाव्या भुयारात पोहोचला. मुंगीनं ते दोनदा वाचलं आणि छापून कप्तानच्या टेबलावर ठेवलं. कप्ताननंही वाचलं, आणि बराच वेळ त्याच्या तोंडून जहाज हा शब्द निघाला नाही.

वहिनी आठव्या भुयारात अडकली आहे. दादा मदत करू का म्हणाला, तर तिनं फोन पदराआड घेतला.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या भागाचं काम आलं. त्या भागात खाणीत पाणी भरतं आणि खाणकऱ्याला पोहावं लागतं. काचेवर पोहायचं कसं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनी फोनवर तसं मोकळेपणानं सांगितलंही. मुंगीनं ऐकून घेतलं, खुर्ची पुढे ओढली आणि नव्या फाईलला नाव दिलं, 'पोहणं एक'.