सगुणाबाईच्या पदराची पिशवी

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार. सकाळी धुकं, दहानंतर ऊन.

मी एक कापडी पिशवी बोलतेय. या दिवशी माझ्यात पहिल्यांदा दवाखान्याचे कागद ठेवले गेले. त्याआधी आठ वर्षं मी वालूरला दिनकररावांच्या घरी खुंटीवर होते.

मला शिवलं त्यांच्या धाकट्या बहिणीनं, सगुणाबाईनं. पालमला, तिच्या सासरी, अंथरुणावर बसून. जांभळ्या लुगड्याचा चांगला पदर तिनं माझ्यासाठी कापला. "दादा खताच्या थैलीत कागदं घालून हिंडतो, चारचौघांत बरं दिसत न्हाई," म्हणाली. छातीतल्या गाठीच्या आजारानं, म्हणजे कॅन्सरनं, तिचा उजवा हात सुजला होता. म्हणून माझे टाके डाव्या हाताचे, तिरके आहेत. दोन्ही बंद लावून झाल्यावर तिनं मला गालाशी धरलं. महिन्याभरात ती गेली. वय बेचाळीस.

दिनकररावांनी मला वापरलंच नाही, मळेन म्हणून. मला मात्र त्या गालाची ओढ लागून राहिली.

त्या सोमवारी डॉक्टर म्हणाले, "प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, पण सौम्य. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्तातली खूण, सहा पॉइंट नऊ. लगेच ऑपरेशन नको. दर तीन महिन्यांनी रक्त तपासू, लक्ष ठेवू. घरात कुणाला कॅन्सर होता?"

"न्हाई," दिनकरराव म्हणाले. ऑपरेशन नको म्हटल्यावरच त्यांचा चेहरा उजळला होता. ऑपरेशननंतर लघवी गळते, हे त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं.

"आवं, आन् सगुणाबाई?" पारूबाई, त्यांची बायको, बोलली.

"ती पालमची झाली की. डॉक्टरसायबांनी घरातलं इचारलंय."

लेक सासरी दिली की तिचं दुखणंही त्या घरचं, अशी आमच्याकडची रीत. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "लग्नानं रक्त बदलतं का हो?"

सगुणाबाईचे जुने कागद हवे होते. रविवारी आम्ही एसटीनं पालमला गेलो. ढगाळ हवा. तिची लेक अपेक्षा दारातच उभी.

"आठ वर्षांनी आईचं दुखणं आठवलं व्हय मामा? ते बी सोताला झालं म्हून?"

मामांनी मला पुढं केलं. अपेक्षानं मला हातात घेतलं, नाकाशी नेलं. "आईचा वास राह्यला न्हाई," म्हणाली आणि आईचे कागद माझ्यात ठेवले. परतीच्या वाटेवर मला वाटलं, सगुणाबाईच माझ्या कुशीत बसली आहे.

दिनकररावांच्या रक्ताची आणखी एक तपासणी झाली. १ एप्रिलला निकाल आला, कडक ऊन होतं. आईबापाकडून मुलांत उतरणारा, बायकांत छातीचा आणि पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर आणू शकणारा दोष त्यांच्यात निघाला. डॉक्टर म्हणाले, "या दोषात सौम्य रोगही लवकर बळावू शकतो. नुसती वाट बघणं तुम्हाला जोखमीचं. ऑपरेशन किंवा किरणं. ठरवा."

एसटीत पारूबाई म्हणाली, "गळलं तर लंगोट बांधून हिंडा, पर घरात दिसा."

दिनकररावांनी ऑपरेशन ठरवलं. घरी पोचताच पालमला फोन लावला. "बाई, तू बी रगत तपासून घे. येतो मी संगं." पलीकडून अपेक्षा म्हणाली, "या मामा."

दवाखान्यात जाताना सासरी दिलेल्या लेकींनाही आठवा, एवढंच माझं मागणं. मी आता खुंटीवर नसते. माझा एक बंद उसवला आहे. तो तसाच राहू द्या, दुसऱ्या हाताचा टाका मला नको.

२९ एप्रिल, ऊन: दिनकररावांचं ऑपरेशन झालं.

५ ऑगस्ट, रिमझिम: दिनकररावांचा पीएसए ०.०३, म्हणजे जवळजवळ नाहीच. अपेक्षाच्या रक्तात तोच दोष आढळला.