गाईनं नेलेला तिसरा बेस

टप्.

दुपारच्या घरात तेवढाच आवाज झाला. वीज गेली होती, पंखासुद्धा बंद. मी बूट झटकत बसले होते. उजव्या बुटातून काहीतरी खाली पसरलेल्या पेपरावर पडलं. सरकीचं एक बी, करडी लव चिकटलेलं. हातातला बूट तसाच धरून मी शेजारी झोपलेल्या लेकीकडे, प्रियूकडे पाहिलं. ती कुशीवर वळली, पण उठली नाही.

बूट माळ्यावर टाकायला काढले होते. काल हंगाम संपला.

आमच्याकडे बायकांची बेसबॉलची स्पर्धा होते हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग पत्ता विचारतात. अमरावती, अकोला, अचलपूर आणि अंजनगाव सुर्जी असे चार संघ. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दर रविवारी सकाळी सामना, मानधन आणि पोहे. आमच्या अमरावतीच्या संघाचे शर्ट एका जिनिंगवाल्यानं दिलेले, त्यामुळे सगळ्यांच्या पाठीवर कापसाचं बोंड. कॉलेजात असताना मी खेळायचे. मग लग्न झालं, प्रियू झाली, चार-पाच वर्षं कशी गेली कळलंच नाही. यंदा आमचे कोच देवराव सर दारात स्कूटर उभी करून म्हणाले, दुसऱ्या बेसवर माणूस नाही, रागिणी, तू ये. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनीच होकार देऊन टाकला. पोरीला घेऊन प्रत्येक सामन्याला मी येईन म्हणाल्या, आणि खरंच आल्या.

बेसबॉलमध्ये धाव काढायची म्हणजे तीन बेसना ओळीनं पाय लावायचा आणि निघालो तिथंच, म्हणजे घराच्या रेघेवर, परत पोचायचं. चार वर्षांच्या प्रियूला हे पहिल्या दिवशीच कळलं. तिला हेही कळलं की आपली आई परत पोचत नाही. अचलपूरला मी दुसऱ्या बेसवर बाद झाले, अंजनगावला पहिल्यावरच. दर रविवारी घरी येताना एसटीत तिचा एकच प्रश्न असायचा, "आज पूर्ण गोल केला का?" आणि माझं उत्तर, पुढच्या रविवारी. अकोल्याचा सामना शेवटचा. त्याच्यापुढे रविवार नव्हता. मला जिंकण्यापेक्षा तो एक गोल हवा होता, तिच्या डोळ्यांसमोर.

आमचे बेस हातानं शिवलेलेच असतात. गोणपाटाच्या चौकोनी पिशव्या, आत रेती. त्यांच्यावर घसरत गेलं की गुडघे सोलून निघतात. माझे गुडघे पाहून सासूबाईंनी शेवटच्या सामन्यासाठी तीन नव्या पिशव्या शिवल्या आणि जिनिंगमधून सरकी आणून त्यांत ठासून भरली. देवराव सरांनी हातानं दाबून पाहिलं.

"सुंदराबाई, गादीच केली तुमी," ते म्हणाले.

आम्ही बारा जणी. निम्म्यांच्या गोठ्यात जनावरं, रोज संध्याकाळी त्यांच्यापुढे सरकी टाकणाऱ्या. पण एकीच्याही डोक्यात काही आलं नाही.

शेवटचा डाव. अकोला एका धावेनं पुढे, आमच्या दोघी बाद, तिसरी बाद झाली की सामना संपणार, आणि मी दुसऱ्या बेसवर. आमच्या आकांक्षानं चेंडू लांब कुंपणापर्यंत मारला. मी डोकं खाली घालून तिसऱ्या बेसकडे सुटले. डोकं वर केलं तर बेसपाशी एक पांढरी गाय. तिनं पिशवीचा कोपरा तोंडात धरला आणि ती शांतपणे कडुनिंबाकडे चालू लागली.

बेसला पाय लावल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे अंगात इतकं भिनलेलं की मी वळले आणि गाईच्या मागे लागले. गाय घाबरून पळायला लागली. देवराव सर ओरडत होते म्हणे, बेस सोड, जागेले पाय लाव. मला काहीच ऐकू आलं नाही. कडुनिंबाजवळ मी गाठलंच. तिच्या तोंडातून लोंबणाऱ्या पिशवीला पाय लावला आणि तशीच सरळ घराच्या रेघेकडे धावले. अकोल्याच्या पोरी चेंडू फेकायचं विसरून पोट धरून हसत होत्या. पोचले. प्रियू दोन्ही हात वर करून नाचत होती, "पूर्ण गोल, पूर्ण गोल."

मग भांडण. नियम असा की बेस हलला तर त्याच्या मूळ जागेला पाय लागला तरी चालतो. अकोल्याची कॅप्टन माधवी म्हणाली, रागिणी जागेच्या हातभर बाजूनं गेली. देवराव सर म्हणाले, दोन्ही पाय लागले. पंचांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"खोटं कायले बोलू, मी तं गाईकडं पाहून राहिलो होतो."

सगळेच गाईकडे पाहत होते. म्हणून त्यांनी मला विचारलं, "ताई, तुमीच सांगा. त्या जागेले पाय लागला होता का?"

दोरीपलीकडे प्रियू आजीचं बोट धरून उभी होती. हो म्हणणं किती सोपं होतं.

"माहीत नाही, सर," मी म्हणाले.

धाव मिळाली नाही. मला तिसऱ्या बेसच्या जागेवर उभं केलं, तिथं आता फक्त चुन्याची खूण होती. पुढची खेळाडू तीन चेंडूंत बाद झाली. एका धावेनं हरलो.

गाईचा मालक माफी मागत आला, तर सासूबाईंनी उरलेल्या दोन पिशव्याही त्याच्या हवाली केल्या. माधवीनं आम्हाला घरी नेऊन जेवायला वाढलं आणि वाढता वाढता गाईची नक्कल केली. परतीच्या एसटीत सासूबाई मूर्तिजापूरपर्यंत बोटांवर टाके मोजत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "एक कोपरा सोडला तं टाका उसवला नाही माया." आख्खी गाडी हसली. तो कोपरा उसवला तिथून सरकी सांडत गेली होती, बेसपासून पार कडुनिंबापर्यंत.

पेपरावरचं बी मी उचलणार, तोच एक छोटा हात पुढे आला. प्रियू कधी उठली कळलंच नाही. तिनं बी डोळ्यांजवळ नेलं.

"हे गाईच्या गादीतलं?"

मी हो म्हणाले.

तिनं बुटात डोकावून पाहिलं, मग बूट माझ्या हातातून काढून घेतला आणि दारापाशी नेहमीच्या जागेवर नीट ठेवला. परत येऊन मांडीवर बसली. बी अजून मुठीत.

"मग आई, तुझा पाय लागलाच होता ना?"