बॅटरीचं पाणी

‘हातमधल्या बांगड्या काढी ठेव, पोरी. मंग हात लाव.’

भिंतीपलीकडून आलेलं नवऱ्याचं हे बोलणं यशोदाबाईंनी कणीक मळताना ऐकलं होतं आणि त्यांचे हात परातीत तसेच थांबले होते. पुढचं ऐकलं तेव्हा अर्थ लागला. बांगडी बॅटरीच्या दोन्ही टोकांना एकदम टेकली तर ठिणगी उडते, हात भाजतो, म्हणून हिलालनाना त्या सुलक्षणाला बजावत होते. काळी वायर पहिले सोडानी, जोडतांना तीच शेवटी. डोयावर चष्मा नही, तोवर झाकनले हात नही. अर्थ लागला खरा, पण मनात रुतलं ते पहिलं वाक्यच. आता नानांची वाचा गेली होती, तरी सकाळी जपाला बसलं की ते नेमकं कानात यायचं आणि माळ चुकायची. मग यशोदाबाई देवाची क्षमा मागून पहिल्या मण्यापासून पुन्हा सुरुवात करायच्या.

सुलक्षणा नरडाण्याची. नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात, आणि ही आसपासच्या गावांतल्या कामगार बायकांना आपल्या गाडीतून औद्योगिक वसाहतीत पोचवायची. एकदा गाडी बंद पडली म्हणून धुळ्याला नानांच्या बॅटरीच्या दुकानात आली. दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. नानांनी बॅटरीची झाकणं उघडलेली पाहून ती तिथेच उकिडवी बसली आणि विचारत सुटली. पाणी कमी का होतं, टोकांवर हा पांढरा थर कसला, तो खायच्या सोड्यानं का धुवायचा.

नानांना असं विचारणारं कोणी भेटलंच नव्हतं. मुलगा समाधान पुण्याला नोकरीला. त्याला लहानपणापासून ॲसिडच्या वासानं मळमळायचं. यशोदाबाईंनीही कधी विचारलं नाही. त्यांचा दिवस देवाचा होता. सकाळी जप आणि पोथी, संध्याकाळी घरभर दिवा, त्यात खंड नाही. लग्न होऊन अमळनेरहून आल्या तेव्हा त्या शाळेतलं मराठी बोलायच्या. नानांनी मग त्यांच्याशी जपून तसंच बोलायला सुरुवात केली आणि तसंच बोलत राहिले. थोडं, नीट, पाहुण्याशी बोलावं तसं. सुलक्षणाशी मात्र ते आपल्या आईच्या बोलीत बोलायचे. त्या बोलीत त्यांना हसता यायचं, हे यशोदाबाईंना भिंतीपलीकडूनच कळलं.

नानांना लकवा मारला तेव्हा उजवं अंग गेलं आणि जीभ जड झाली. त्यांना बोलतं ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. यशोदाबाई त्यांच्या उशाशी बसून स्तोत्र म्हणायच्या, मग हळूच म्हणायच्या, राम म्हणा, नुसतं राम म्हणा. नाना त्यांच्या ओठांकडे बघायचे आणि थोड्या वेळानं नजर खिडकीकडे वळवायचे.

सुलक्षणा दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात धुळ्याला येऊ लागली. गिऱ्हाइकांच्या अडकून पडलेल्या बॅटऱ्या तरी मार्गी लावते, म्हणाली. नानांची खुर्ची ती खोलीच्या दारात ओढून घ्यायची, चष्मा चढवायची, रबरी हातमोजे घालायची आणि जे जे हातात घेईल त्याचं नाव मोठ्यानं घ्यायची, लहान मुलाला शिकवावं तसं. आणि नाना लहान मुलासारखे बघायचे.

एक दिवस त्यांचे ओठ थरथरले.

‘पा…णी.’

यशोदाबाई पदर सावरत धावल्या. तांब्या आणला, फुलपात्र त्यांच्या ओठांना लावलं. नानांनी मान फिरवली. ‘पाणी,’ पुन्हा तेच. सुलक्षणानं क्षणभर विचार केला आणि कोपऱ्यातला डिस्टिल पाण्याचा कॅन उचलून दाखवला.

‘हाई का, नाना?’

नाना हसले. अर्धंच तोंड हसलं, पण हसले.

‘ध्यानमा शे,’ सुलक्षणा म्हणाली. ‘नळनं नही टाकानं. पट्ट्या बुडतीन इतलंच टाकानं.’

यशोदाबाईंनी फुलपात्रातलं पाणी तुळशीला घातलं आणि वृंदावनापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. नवऱ्याला शब्द फुटावा म्हणून त्यांनी मीठ सोडलं होतं. शब्द फुटला, पण तो त्यांच्या हातच्या पाण्यासाठी नव्हता. शेजारच्या द्रौपदाबाईनं कुंपणावरून विचारलं, काय अक्का, नाना बोलले म्हणे? मग हसत म्हणाली, त्यांच्या तोंडाची चावी नरडाण्याला आहे वाटतं. यशोदाबाईही हसल्या. त्या दिवशी सुलक्षणाला चहा द्यायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं.

नाना रोज एखादा शब्द बोलू लागले. वायर. झाकन. पाना. घरात आनंद होता आणि यशोदाबाईंना जेवण जात नव्हतं.

एका संध्याकाळी सुलक्षणाला यायला उशीर झाला होता. साक्रीकडून दूध आणणाऱ्या सुपडूच्या गाडीची बॅटरी तिनं चार्जिंगला लावली होती. बाहेर धुळीचा वारा सुटला होता, नानांना त्रास नको म्हणून खिडकी लोटलेली. दिवेलागण झाली. यशोदाबाईंनी देवापुढचं निरांजन उचललं आणि नेहमीप्रमाणे स्वयंपाकघर, माजघर करत दुकानाच्या खोलीशी आल्या. नानांच्या खुर्चीला वळसा घालून त्यांनी पाऊल आत टाकलं.

‘अक्का, दिवा मांगे ल्या. गॅस शे,’ सुलक्षणा म्हणाली.

यशोदाबाई थांबल्या नाहीत. ‘माझा दिवा या खोलीत रोज येतो,’ त्या म्हणाल्या. ‘तू नव्हतीस तेव्हापासून.’

आणखी एक पाऊल पडलं, तशी सुलक्षणा पुढे झेपावली आणि तिनं फुंकर मारली.

निरांजनातून धुराची रेघ वर गेली. दिवा असा तोंडानं फुंकत नाहीत. सवाष्णीच्या हातातला तर नाहीच, आणि नवरा असा खुर्चीला खिळलेला असताना तर मनातही आणू नये. सुलक्षणानं आधी मशीन बंद केलं, खिडकी उघडली, मग सांगायला लागली. चार्ज होताना बॅटरीतून गॅस निघतो, ज्योत दिसली की पेट घेतो, झाकण उडतं, ॲसिड डोळ्यांत जातं. सगळं नानांनीच शिकवलेलं. यशोदाबाईंना तिच्या तोंडून नवऱ्याचं आणखी काही ऐकायचं नव्हतं.

‘माझ्या घरचा दिवा फुंकलास तू,’ त्या म्हणाल्या. ‘आता या घरात येऊ नकोस.’

आवाज चढला नाही. त्यांचा आवाज कधी चढत नसे. सुलक्षणानं हातमोजे काढून खिळ्याला अडकवले, नानांच्या पाया पडली आणि गेली. नाना काहीतरी म्हणायला धडपडत होते. ओठांतून नुसती लाळ आली. ती यशोदाबाईंनी पदरानं पुसली.

त्यानंतर नाना बोलले नाहीत. सुलक्षणाची वेळ झाली की खुर्ची दाराकडे करा असं डाव्या हातानं खुणावायचे आणि रस्त्याकडे बघत बसायचे. एकदा यशोदाबाईंनी आजूबाजूला कोणी नाही असं बघून तो कॅन उचलून त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाल्या, पाणी म्हणा. नानांनी डोळे मिटून घेतले.

मग सुपडू आपली बॅटरी न्यायला आला. ती अर्धीच भरलेली होती. पोरगी कुठंय, त्यानं विचारलं. यशोदाबाईंनी दिव्याचं सांगितलं. निदान हा तरी आपली बाजू घेईल असं त्यांना वाटलं होतं. सुपडू ओट्यावर बसला आणि डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

‘पोरीनी चांगलंच करं, अक्का. झाकन उडतं तर तुमना डोया जाता.’

‘इतकी वर्षं नेते आहे मी दिवा. कधी काही झालं?’

‘कसं व्हई?’ सुपडू हसला. ‘नाना तिसऱ्या पहारलेच मशीन बंद करी टाके. खिडकी उघडी टाके. सांज व्हस तोवर बठ्ठी खोली मोकळी. आम्ही म्हणूत, नाना, रातभर राहू द्या ना, सकाळे गाडी निंघनी पाहिजे. नाना म्हणे, नही. मना घरमा दिवा फिरस.’ तो उठला आणि बॅटरी खांद्यावर घेता घेता म्हणाला, ‘तुमना दिवाना पायी मनं दूध नासनं एकदाव. तुमले माहीतच नही?’

यशोदाबाईंना माहीत नव्हतं. त्या रोज दिवा घेऊन यायच्या तेव्हा खोली झाडलेली असायची, खिडकीतून वारा यायचा आणि नाना हात धुऊन बाजूला उभे असायचे. त्यांना वाटायचं, काम संपलं असेल.

सुपडू गेल्यावर आधी त्यांना रागच आला. साक्रीच्या रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीवाल्याला हे ठाऊक, आणि दिवा ज्यांचा त्यांना नाही. सुलक्षणाला जेवढं सांगितलं त्यातलं एक वाक्य आपल्याला सांगितलं असतं तर? मग त्यांच्या ध्यानात आलं, की सांगितलं असतं तर आपण दिवा उंबऱ्याशीच थांबवला असता आणि नेम मोडला म्हणून आयुष्यभर मनात कुढत राहिलो असतो. हे नानांना माहीत होतं.

यशोदाबाई खुर्चीपाशी जमिनीवर बसल्या. नाना रस्त्याकडे बघत होते.

‘मला का नाही सांगितलं?’

नानांनी मान वळवली. डावा हात मांडीवरून थोडा उचलला, अंगठा आणि बोट जुळवून हवेत हळूच फिरवलं, मशीनचं बटण बंद करावं तसं. मग हात पडला. यशोदाबाईंनी तो आपल्या हातात घेतला. बोटांच्या टोकांवर ॲसिडचे जुने पांढरे डाग होते.

काय बोलावं ते त्यांना मराठीत सुचेना. मग या घरात नुसती ऐकलेली, कधीच न बोललेली बोली त्यांनी जिभेवर घेतली. लाज वाटली, तरी सुलक्षणाला घेऊन येईन, असं त्या बोलीत म्हणाल्या.

‘तिले लई येसू मी.’

नाना त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. या वेळी नजर हलली नाही. त्यांचे ओठ वाकडे झाले, थांबले, पुन्हा वाकडे झाले.

‘ये…सू.’

दुसऱ्या दिवशी जप झाला, पोथी झाली. यशोदाबाईंनी नानांना भरवलं, द्रौपदाबाईला त्यांच्यापाशी बसवलं. कळण्याच्या दोन भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला. सुलक्षणा पाळीवरून येते तेव्हा उपाशी असते, हे त्यांना रोज दिसायचं. दिसूनही त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

कुठं निघाल्या, अक्का, द्रौपदाबाईनं विचारलं. जाऊन येते, एवढंच त्या म्हणाल्या.

बसस्थानकापर्यंत ऊन चढलं होतं. आज ती परत येईल, खुर्ची ओढेल, नाना तिच्याकडे बघून अर्धं तोंड हसतील, हे यशोदाबाईंना चालता चालता दिसत होतं आणि ते बघवत नव्हतं. नरडाण्याची गाडी लागलेलीच होती. त्यांनी भाकरीचं फडकं पदराखाली घेतलं, दांडा धरला आणि चढल्या.